सांधा ढिला पडतो तेव्हा

पावसाळा लागला की घरातलं एखादं तरी दार रुसून बसतं. ओढलं तर उघडत नाही, ढकललं तर मिटत नाही. चार दिवस खांद्यानं धक्के देऊन झाले की कुणीतरी वैतागून सुताराला बोलावतं. नवशिका सुतार येतो, दार उतरवतो, कडेवरून सर्रकन रंधा मारतो, पैसे घेतो आणि जातो. दार गुणी मुलासारखं चौकटीत बसतं. पण दिवाळी उलटते, थंडीची कोरडी हवा सुटते आणि त्याच दाराच्या कडेनं उजेडाची उभी रेघ आत येऊ लागते. जुना सुतार मात्र आषाढात दाराला रंधा लावत नाही. ‘थांबा हो, दसऱ्यानंतर बघू,’ म्हणतो. लोकांना वाटतं, याला काम नको आहे. खरं तर त्याला एक गोष्ट ठाऊक असते. झाड तोडलं, फळ्या पाडल्या, दार केलं, तरी लाकडाचं पाणी पिणं आणि पाणी सोडणं काही थांबत नाही.

मी जन्मानं सुताराचा मुलगा आणि पेशानं सुतारकामाचा मास्तर. जवळजवळ तीस वर्षं मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना करवत, रंधा आणि पटाशी धरायला शिकवलं. या तीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. ‘सर, सांध्यात फट राहिली. लांबी भरू का?’ तेव्हा मी हसायचो, कधी रागवायचो. निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली आणि ध्यानात आलं, की हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांचा नव्हेच. माणसानं पहिल्यांदा दोन लाकडं एकमेकांत बसवली, त्या दिवसापासून तो विचारला जातो आहे. सुतारकामाचा इतिहास म्हणून आपल्याला सुंदर नक्षीचे खांब दाखवतात, देवळांचे दरवाजे दाखवतात. मला मात्र तो ढिल्या सांध्यांचा आणि ते सांधे पुन्हा बसवणाऱ्या माणसांचा इतिहास वाटतो.

या इतिहासात माझंही एक छोटंसं आणि लाजिरवाणं पान आहे. ते आधी सांगून टाकतो.

आमचं गाव वाईच्या बाजूला. वडिलांना सगळे तात्या म्हणत, आम्हीही तात्याच म्हणायचो. मी तेरा वर्षांचा होतो. तात्या परगावी एका घराच्या कामाला गेले होते आणि आजीनं माझ्याकडे एक स्टूल मागितलं. माजघरातल्या शिंक्याला तिचा हात पोचत नव्हता. मी मोठ्या तोऱ्यात कामाला लागलो. स्टुलाच्या चार पायांना आडव्या पट्ट्या जोडायच्या होत्या. पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, तिला आमच्याकडे कुसू म्हणतात, आणि पायात तिच्या मापाची खाच पाडायची. माझी एक खाच मोठी झाली. कुसू तिच्यात चक्क खुळखुळू लागलं. नवीन लाकूड नव्हतं आणि तात्या यायच्या आत स्टूल उभं करून दाखवायचं होतं. मी लाकडाचा भुसा घेतला, सरसात कालवला, खाचेत ठासून भरला आणि वरून पॉलिशकागदानं घासून गुळगुळीत केलं. फट कुठं होती ते मलाही सापडेना, इतकं बेमालूम काम झालं होतं.

ते स्टूल सहा महिने टिकलं. वैशाखात एका दुपारी आजी शिंक्यावरचं दही काढायला चढली आणि पाय फाकून स्टूल बसलं. आजीचं मनगट मोडलं. हाडवैद्यानं कामट्या लावून हात बांधला. घरी आलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती, ‘माझाच पाय सरकला गं बाई.’ तात्यांनी मात्र कोपऱ्यात पडलेलं स्टूल उचललं, निखळलेला सांधा उजेडात धरला आणि नखानं खाच खरवडली. वाळलेल्या भुशाची खपली त्यांच्या तळहातावर पडली. ती माझ्यासमोर धरून ते म्हणाले, ‘आईचा हात बसवायला हाडवैद्य आहे. हे तू बसव.’ मार पडला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढचे तीन दिवस त्यांनी मला शेजारी बसवून जे शिकवलं, तेच मी नंतर तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलो. पहिला धडा असा, की फट ही चूक नव्हे, चुकीची खूण आहे. खूण पुसली म्हणून चूक जात नाही. आधी सांधा उघडायचा आणि तो कुठं अडतो आहे, कुठं मोकळा आहे, ते बघायचं. कुसवाला कोळशाची काळी पूड लावून ते खाचेत सरकवायचं आणि बाहेर काढायचं. जिथं काळं लागलं तिथं अडतंय. तेवढंच पटाशीनं सोलायचं, कागदाएवढं. कुसू बारीक झालं असेल तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप, रेषा त्याच दिशेला ठेवून, कुसवाच्या गालाला चिकटवायची. ती वाळली की पुन्हा मापात आणायची. दोन लाकडांचे खांदे एकमेकांना नीट भिडत नसतील तर सांधा घट्ट धरून त्या रेषेवरूनच बारीक दातांची करवत हलकेच फिरवायची. मात्र आतल्या कुसवाला दात लागू द्यायचा नाही. करवत दोन्हीकडचा उंचवटा सारखाच कापते, मग दाबलं की खांदे मिटतात. आणि कुसू आरपार गेलेलं असेल तर त्याच्या टोकाला चीर पाडून तिच्यात पाचर ठोकायची. ‘पण ठोकण्याआधी पाचरेचा जोर कुठं जातोय ते बघ,’ तात्या म्हणायचे. ‘जोर लाकडाच्या रेषांच्या लांबीनं गेला तर सांधा आवळतो. रेषांच्या आडवा गेला तर लाकूड फाटतं.’

तात्या चौथीपर्यंत शिकलेले. या युक्त्या किती जुन्या आहेत, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

जर्मनीत लाइपझिग शहराच्या परिसरात पुरातत्त्वज्ञांना चार जुन्या विहिरी सापडल्या. त्यांच्या आतल्या बाजूला ओकच्या लाकडांचं अस्तर होतं. जमिनीखालच्या पाण्यात बुडून राहिल्यामुळं ती लाकडं कुजली नव्हती. २०१२ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लाकडाच्या वर्तुळांवरून हिशेब केला तेव्हा ती झाडं इ. स. पूर्व ५४६९ ते ५०९८ या काळात तोडलेली निघाली. त्या लोकांकडे धातू नव्हता. दगडाच्या वाकसानं तासून त्यांनी ही कामं केली होती. विहिरीच्या तळाच्या चौकटीत एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेतून आरपार काढलं होतं आणि बाहेर डोकावणाऱ्या टोकात पाचर ठोकली होती. सात हजार वर्षांपूर्वीची पाचर! त्या कारागिराची खाच मोठी झाली असेल की नाही, कोण जाणे. पण खाच कधीच अगदी नेमकी होत नाही आणि लाकूड उद्या आजच्यासारखं राहत नाही, हे त्याला कळलं होतं. म्हणूनच मागाहून घट्ट करता येईल असा सांधा त्यानं निवडला. पाचर म्हणजे माणसानं आपल्या चुकीसाठी आधीच ठेवलेली सोय आहे.

इजिप्तचा कारागीर आणखी अडचणीत होता. त्याच्या देशात मोठी, सरळ झाडं फारशी नव्हती. बाभूळ आणि औदुंबराच्या जातीची वेडीवाकडी लाकडं, त्यांच्या लहान लहान फळ्या. त्यामुळं शवपेट्या बनवताना तुकड्याला तुकडा जोडायचा, मध्ये लाकडाच्या चिपा घालायच्या, उरलेल्या फटी लुकणानं भरायच्या आणि वरून रंग द्यायचा, अशी त्यांची रीत. म्हणजे माझ्या भुसा-सरसाचे पूर्वज तिथं भेटतात. पण एक फरक आहे. शवपेटीवर कुणी चढून दही काढणार नव्हतं. जिथं भार नाही तिथं फट भरणं ही शोभा, आणि जिथं भार आहे तिथं तीच फसवणूक.

त्याच इजिप्तमध्ये जिथं भार होता तिथं काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. १९५४ मध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडशेजारी दगडी झाकणांखालच्या खड्ड्यात एक आख्खी नौका सापडली, सुटी केलेली. खुफू राजाची, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिचे १२२४ तुकडे होते, बहुतेक लेबनॉनच्या देवदाराचे. अहमद युसूफ मुस्तफा या जाणत्या कारागिरानं कित्येक वर्षं खपून ते कोडं जुळवलं. काही तुकड्यांवर प्राचीन सुतारांनी करून ठेवलेल्या खुणा त्याला उपयोगी पडल्या. जोडलेली नौका ४३ मीटरहून लांब भरली आणि तिच्यात एकही खिळा नव्हता. फळ्यांच्या आतल्या अंगाला खोबणी पाडून त्यांतून दोर ओवला होता. कोरड्यात ठेवलं तर ढिलं वाटावं असं हे काम. पण नौका पाण्यात गेली की लाकूड फुगतं, दोर आवळतो आणि फटी आपोआप मिटतात. जी ओल आमच्या दाराला रुसवते, तिलाच त्यांनी सांधा घट्ट करायला कामाला लावलं होतं.

ही विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही परकी नव्हती. काथ्यानं शिवलेल्या नौका अरबी समुद्रात शतकानुशतकं चालत होत्या. अजिंठ्याच्या चित्रांतली पाचव्या शतकातली नौका डोळ्यांपुढे ठेवून गोव्यात अशी शिवलेली नौका पुन्हा बांधली गेली आणि २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ नावानं ती भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या फळ्याही नारळाच्या काथ्यानं शिवलेल्या आहेत.

अजिंठ्याचं नाव निघालं म्हणून आपल्या सह्याद्रीतल्या लेण्यांकडे वळू या. भाजे आणि कार्ले आपण सहलीला जाऊन पाहतो. पुढच्या वेळी सुताराच्या नजरेनं पाहा. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडात कोरलेल्या गुहेला खांब कलते ठेवायची काय गरज? काहीच नाही. गरज होती ती लाकडी चैत्याला. कमानीदार छपराच्या भारानं खांब बाहेर फाकू नयेत, वरचे सांधे उघडू नयेत, म्हणून सुतार ते आत कलते उभे करीत. ते लाकडी चैत्य केव्हाच नाहीसे झाले. त्यांतल्या सुतारांची ही काळजी मात्र पाथरवटानं दगडात जशीच्या तशी उतरवून ठेवली. आणि नुसता दगडच नव्हे. दोन्ही ठिकाणी छताखाली लाकडाच्या बाकदार फासळ्या बसवलेल्या आहेत आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं मूळ लाकूड तिथं आजही पाहायला मिळतं. सांचीच्या स्तूपाचा कठडा पाहिला तर त्यातही हेच. उभ्या दगडी खांबांना खाचा आणि आडव्या दगडांची टोकं त्या खाचांत गेलेली. त्या आडव्या दगडांना ‘सूची’ म्हणजे सुई असं नाव आहे. दगड असून कुंपण सुतारानं बांधलेलं!

युरोपातल्या सुतारांनी ढिल्या सांध्यावर निराळाच तोडगा काढला. ओक वाळला की लोखंडासारखा कठीण होतो, म्हणून ते तो ओला असतानाच कापत आणि जोडत. ओलं लाकूड वाळताना आकसणार, सांधे सुटणार, हे ठरलेलंच. मग त्यांनी काय केलं? खाचेच्या दोन्ही भिंतींना आरपार भोक पाडलं आणि कुसवालाही पाडलं, पण कुसवाचं भोक मुद्दाम किंचित खांद्याच्या बाजूला सरकवून. त्या न जुळणाऱ्या भोकांतून लाकडाची निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत वाकत आत जाते आणि कुसवाला खाचेत खेचत राहते. लाकूड जसजसं वाळतं तसतशी ती ओढ कामी येते. म्हणजे मोठी चूक पुढं होणार म्हणून छोटी ‘चूक’ आधीच करून ठेवायची. प्रत्येक सांधा हातानं जुळवलेला असल्यामुळं एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत चालत नसे. म्हणून ते सांध्यांवर आकड्यांच्या खुणा कोरत. जमिनीवर जुळवलेला सांगाडा सुटा करून वर नेला, तरी कोणाची जोडी कोणाशी ते त्या खुणा सांगत. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं छप्पर २०१९ च्या आगीत जळालं, तेव्हा ते पुन्हा उभारताना सुतारांनी ओकची लाकडं कुऱ्हाडीनं तासली आणि सांध्यांत लाकडी खुंट्याच मारल्या. २०२४ च्या डिसेंबरात ते चर्च पुन्हा उघडलं.

पण सांधे कितीही निगुतीनं केले तरी शतकं उलटली की ते थकतातच. तेव्हा खरी परीक्षा लागते. इथं मला दोन इमारतींची जोडी आठवते.

एक लंडनमधला वेस्टमिन्स्टर हॉल. त्याचं ओकचं प्रचंड छप्पर १३९० च्या दशकात ह्यू हर्लंड नावाच्या सुतारानं उभं केलं. मध्ये एकही खांब न ठेवता वीस मीटरहून जास्त रुंदी त्यानं झाकली. पाचशे वर्षांनी, १९१४ च्या सुमारास, फ्रँक बेन्स या वास्तुतज्ज्ञानं छप्पर तपासलं तर भुंग्यांनी लाकडं आतून पोखरलेली. बाहेरून सगळं भव्य, आतून पोकळ. मग १९२३ पर्यंत काम चालून छपरात पोलादी आधार घातले गेले, खालून सहसा दिसणार नाहीत असे. आज ते छप्पर उभं आहे.

दुसरी इमारत जपानमधली. नारा शहराजवळचं होर्यूजी हे बौद्ध मंदिर जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणलं जातं. त्याला साधारण तेराशे वर्षं झाली. तिथली रीत अशी, की काही शतकांनी इमारत सुटी करायची. प्रत्येक लाकूड उतरवायचं, तपासायचं आणि कुजलेला तेवढाच भाग कापायचा. उरलेल्या जुन्या लाकडाला नवं लाकूड सांध्यानं जोडायचं आणि पुन्हा सगळं उभं करायचं. खांबाचा पाया कुजला तर आख्खा खांब फेकायचा नाही, पायापुरता नवा तुकडा जोडायचा. १९३४ पासून तिथं मोठी दुरुस्ती सुरू झाली आणि ती अनेक वर्षं चालली. ती चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी मुख्य सभागृहाला आग लागली आणि आपल्या अजिंठ्याशी ज्यांची तुलना केली जाते ती भित्तिचित्रं जळून गेली. त्या धक्क्यातून १९५० मध्ये जपाननं सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. या मंदिरावर काम केलेले निशिओका त्सुनेकाझू हे सुतार पुढं तिकडं मोठ्या मानाला चढले.

दोन्ही इमारती वाचल्या, म्हणून एका रीतीला चांगली आणि दुसरीला वाईट म्हणायचं कारण नाही. पण सुताराचा मुलगा म्हणून माझं मन होर्यूजीकडे ओढ घेतं. कारण तिथं सांधा उघडायची तयारी आहे. बांधतानाच पुढच्या दुरुस्त्याचा विचार केलेला आहे.

हाच विचार आपल्या गावगाड्यातही होता, फक्त त्याला कुणी मोठं नाव दिलं नाही. बलुतेदारीतल्या सुताराचं मुख्य काम नव्या वस्तू करण्याचं नव्हतं, दुरुस्तीचं होतं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात या व्यवस्थेचं बारकाईनं वर्णन आहे. मृगाआधी गावातले सगळे नांगर, कुळव, पाभर आमच्या दारात येऊन पडत. हाळीस हलते, रुमणं डुगडुगतं, पाचर झिजली. तात्या एकेक बघत आणि ठोकून देत. त्याचे पैसे नव्हते. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. तिच्यात जातीची उतरंड होती. धंदा जन्मानं गळ्यात पडायचा आणि वाटा कमी मिळाला तरी तोंड उघडता येत नसे. पण एक गोष्ट खरी. आपण केलेला सांधा वर्षभरानं पुन्हा आपल्याच दारात येणार आहे, हे सुताराला पक्कं माहीत असे. भुसा भरून वेळ मारून नेण्यात त्याचाच तोटा होता.

उन्हाळ्यात बैलगाड्यांची चाकं बोलू लागत. हवा कोरडी झाली की आरे आकसत आणि चाक चालताना करकर वाजे. मग शेतकरी गाडी नदीत नेऊन उभी करीत. चाकं भिजली, लाकूड फुगलं, की काही दिवस आवाज बंद. तात्या म्हणत, ‘हा उपाय नव्हे, उसनवारी आहे.’ खरा उपाय म्हणजे धाव काढून पुन्हा चढवणं. सुतार आधी आऱ्यांचे सांधे नीट करी. मग लोहार लोखंडी धाव थोडी लहान करून, गोवऱ्यांच्या आगीत लाल तापवून चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. वाफेचा लोट उठे, धाव आकसे आणि सगळे आरे एकदम आपापल्या खाचेत दाबून बसत. दोन कारागीर, आग आणि पाणी, आणि शेवटी खट्ट असा एक आवाज. लहानपणी मला त्याच्याइतका समाधानाचा आवाज दुसरा वाटला नाही.

आता सरसाबद्दल दोन शब्द. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा चिकट पदार्थ फार प्राचीन. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात, इ. स. पूर्व पंधराव्या शतकातल्या चित्रात, सुतारांशेजारी विस्तवावर ठेवलेलं सरसाचं भांडं दाखवलेलं आहे. आमच्या पडवीतही तसंच भांडं असायचं आणि त्याचा वास आळीभर जायचा. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आलं आणि हळूहळू ते भांडं विझलं. पांढरा गोंद तापवावा लागत नाही, त्याला वास नाही आणि नीट भिडलेला सांधा त्यानं इतका पक्का होतो, की ओढला तर कधी कधी सांधा तसाच राहतो आणि शेजारचं लाकूड तुटतं. पण दोन गोष्टी विसरल्या गेल्या. एक म्हणजे, असा गोंद भिडलेल्या लाकडांना धरतो. मोकळ्या फटीत ओतलेल्या गोंदाला भार पेलत नाही. आणि दुसरी म्हणजे, सरस ओल आणि ऊब दिली की सुटतो. त्यामुळं शंभर वर्षांनीसुद्धा कुणी सांधा उघडून दुरुस्त करू शकतो. म्हणूनच जुन्या लाकडी वस्तूंची डागडुजी करणारे जाणकार आजही सरस जवळ ठेवतात.

आता कुणी विचारील, यंत्रानं मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमकी कापलेली लाकडं मिळतात, कारखान्यात पेचानं आवळायचं फर्निचर तयार मिळतं, मग या जुन्या कथा कशाला? माझं सांगणं एवढंच, की यंत्र खाच नेमकी पाडून देतं, पण पाऊस अजून तसाच पडतो. लाकूड रेषांच्या लांबीनं जवळजवळ हलत नाही, पण आडवं फुगतं आणि आकसतं. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेनं. म्हणजे आज गोल असलेलं कुसू उद्या लंबगोल होणार. सागवान कमी हलतं म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण तेही हलतंच. नेमकेपणा हा सांध्याचा पहिला दिवस. पुढच्या दिवसांसाठी कुणीतरी लक्ष ठेवणारं लागतं.

माझे विद्यार्थी लांबीचा डबा हातात घेऊन विचारायचे, तेव्हा मी त्यांना एकच उलटा प्रश्न करायचो. ‘यावर कोण बसणार आहे?’ काही मुलं गोंधळायची. काही मुकाट्यानं डबा ठेवून पटाशी उचलायची. पुढं ती मुलं चांगली कारागीर झाली.

त्या स्टुलाचं काय झालं, ते राहिलंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांधा बसला. खाचेतला भुसा कोरून काढला होता, कुसवाला दोन्ही गालांवर सागाच्या चिपा लावून ते मापात आणलं होतं, टोकाला पाचर ठोकली होती. तात्यांनी स्टूल उलटं करून पाहिलं, सुलटं करून दाबलं आणि काही न बोलता आत गेले. त्यांच्या तोंडून ‘बरं झालं’ एवढं तरी यावं म्हणून मी दारात उभा राहिलो. ते आलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी आजीच्या हाताच्या कामट्या सुटल्या. मनगट थोडं वाकडंच राहिलं. भाकरी थापताना तो हात मागं पडायचा, तो शेवटपर्यंत. कामट्या सुटल्या त्याच दिवशी तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, ‘अरे, ते स्टूल आण बघू.’ आई म्हणाली, ‘अहो सासूबाई, कशाला चढता? मी देते काढून.’ पण आजीनं ऐकलं नाही. मी स्टूल शिंक्याखाली ठेवलं. माझ्या डोक्यावर हात टेकून ती त्याच्यावर चढली, सगळ्यांच्या देखत, आणि चांगल्या हातानं दह्याचं गाडगं काढून माझ्या हातात दिलं. स्टूल हललं नाही. पडवीत तात्यांचा रंधा तेवढा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

ते स्टूल अजून माझ्या घरी आहे. पावसाळ्यात त्याची पाचर मी बोटानं चाचपून बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)